भाडं थकलं की थकवलं?

मालक भाडं घेत नाही. पावती देत नाही. मनीऑर्डर परत फिरवतो. आणि हाच इसम मुंबईच्या लघुवाद न्यायालयात सांगतो, 'साहेब, भाडं थकलंय, खोली खाली करून द्या.'

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. कलम १५ काय म्हणतं? लेखी नोटिशीला ९० दिवस उलटल्याशिवाय थकबाकीचा दावा लावता येत नाही. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी, १५ टक्के साधं व्याज अन् दाव्याचा खर्च कोर्टात भरा, निकाल लागेस्तोवर भाडं भरत राहा. मग थकबाकीपायी कोर्ट तुम्हाला बाहेर काढणार नाही. लिव्ह अँड लायसन्सवाल्यांना मात्र हे कवच नाही.

पण आपला माणूस नोटीस बघूनच हबकतो. वकील गाठेस्तोवर मुदत गेलेली. मग हुकूमनामा, मग बेलीफ, मग भांडीकुंडी रस्त्यावर. आडनाव विचारून खोली नाकारणाऱ्या या शहरात दुसरी कोण देणार?

म्हणून पोरांनो, चाळीचाळीत जा. नोटिसा वाचून दाखवा. पावती मागायला लावा. ती देणं मालकावर बंधनकारक आहे. परत आलेल्या मनीऑर्डरींचे कागद जपायला सांगा. मुदतीचे दिवस मोजा. मालक ते कधीचेच मोजतोय.