चार पेन्सिल सेलवरचा १९८३ चा लॅपटॉप आणि आपले ‘बाद’ झालेले लॅपटॉप

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. त्यामुळे २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप चालू असूनही कंपनीच्या लेखी बाद. दुकानदार म्हणतो, नवीनच घ्या.

अशा वेळी अमेरिकेतलं एक जुनं मशीन बघण्यासारखं आहे. टीआरएस-८० मॉडेल १००. रेडिओ शॅक कंपनीनं ते १९८३ मध्ये विकायला काढलं, बनवलं जपानच्या क्योसेरानं. वजन दीड किलोच्या आत, पडद्यावर फक्त ८ ओळी, आतल्या प्रोग्रामचा बराच भाग खुद्द बिल गेट्स यांनी लिहिलेला. चार पेन्सिल सेलवर साधारण २० तास चालायचं. मोडेम आतच, म्हणून तिकडचे वार्ताहर फोनच्या तारेवरून बातमी पाठवायचे. (आम्ही अजून रेंज शोधत टेकाडावर चढतो, ते सोडा.)

हौशी मंडळी ते आजही लिहायला, प्रोग्राम करायला वापरतात. सेल कुठल्याही दुकानात मिळतो. आतली छोटी चार्जिंगची बॅटरी गळून बोर्ड खराब करते, ती बदलायची. जुने कपॅसिटर काढून नवे डाग देऊन बसवायचे. फ्लॉपीची अडचण आली तर या लोकांनी मेमरी कार्डवर माल साठवायची जोडणी स्वतःच तयार केली. हे जमलं कारण दुरुस्तीचं पुस्तक सर्किटच्या नकाशासकट कंपनीनंच काढलं होतं. मला हौसेपेक्षा त्या पुस्तकाचं मोल जास्त वाटतं. आज कित्येक लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डागलेली, बॅटरी चिकटवलेली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये राईट टू रिपेअर पोर्टल काढलं, चांगलं केलं. पण पार्ट आणि नकाशा तालुक्याच्या रिपेअरवाल्याच्या हातात पडल्याशिवाय त्याचा उपयोग काय?

तोवर भंगारात देण्याची घाई नको. नोंदणी केली तर विंडोज १० ला सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. दुसरा रस्ता लिनक्स मिंटचा. ते फुकट आहे, त्यात मराठी टायपिंगही होतं. हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली की जुनं मशीन बरंच पळतं. सेवा केंद्रवाल्यांनी मात्र आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून प्रिंटर आणि अंगठ्याचं मशीन जोडून बघावं, अंगठ्याचं मशीनच बहुधा अडतं.