कार्बुरेटरचा स्क्रू पिळण्यापूर्वी

बेंबळीच्या शिवारात सोयाबीनच्या फवारणीची घाई असताना पेट्रोलवर चालणारा पंप काळा धूर सोडून बंद पडला, की प्रथम कार्बुरेटरचा स्क्रू पिळला जातो. ही सवय नुकसानीची होय. वजनाने 1 भाग पेट्रोलास सुमारे 15 भाग हवा लागते. गोठ्यात ठेवलेल्या पंपाच्या हवेच्या गाळणीत भुसा व धूळ साचली, की हवा अपुरी पडते. तेथे स्क्रूचा दोष नसतोच. स्पंजाची गाळणी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी आणि इंजिन निवल्यावर प्लग पाहावा. टोकावर कोरडी काजळी असल्यास पेट्रोल अधिक, टोक तपकिरी असल्यास मिश्रण योग्य व पांढुरके असल्यास पेट्रोल कमी समजावे.

चोक ओढल्यावरच इंजिन चालत असेल, तर मागील हंगामाचे पेट्रोल आत सुकून जेटचे छिद्र बुजले असण्याचा संभव असतो. या दोषात काळा धूर दिसत नाही, म्हणून कोणी मनावर घेत नाही; वस्तुतः अधिक घातक तोच. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणतेल पेट्रोलातूनच येते. पेट्रोल घटले की तेलही घटते, इंजिन तापते आणि दट्ट्या जाम होऊन ऐन हंगामात फवारणी खोळंबते.

ग्रामकार्यकर्त्यांनी फवारणीच्या प्रात्यक्षिकास जाताना औषधाबरोबर प्लगचा पानाही न्यावा.