कारागिरी फाटकाबाहेरही चालली पाहिजे

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि पुढे सुमारे अर्धशतक कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडत राहिल्या. त्यांतील 'पद्मिनी'ची अखेरची टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, तेव्हा गाडीविषयी पुष्कळ हळहळ व्यक्त झाली. ती घडविणाऱ्या हातांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. माकुणसार, सफाळे, पालघर या पट्ट्यातून रोज आगगाडीने कारखाने गाठणाऱ्यांच्या दृष्टीने तो प्रश्न गतकाळाचा नव्हे, आजचा आहे.

मोटार जोडणे म्हणजे केवळ बोल्ट आवळणे नव्हे. पत्र्याला दाराचा आकार येतो तो साच्यामुळे. आणि साचा झिजला की कोठे किती घासावे, हे टूल अँड डाय मेकरचा हातच जाणतो. हे ज्ञान आयटीआयच्या वर्गात सुरू होते; पण पक्के होते ते जाणत्या कारागिराशेजारी काढलेल्या वर्षांतून. कामगाराचे खरे भांडवल हेच होय.

कामगार संघटनांनी या भांडवलाचे मोल वाढविले, हे निर्विवाद आहे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली प्रीमियरच्या कामगारांनी भरघोस वेतनवाढ मिळविली. तथापि ही लढाई एकेका कारखान्यापुरतीच राहिली. राज्याच्या 1971 च्या कायद्यानेही किमान 30 टक्के सभासद असलेल्या संघटनेला मान्यता दिली, ती त्या त्या आस्थापनेपुरती. परिणामी कामगाराची श्रेणी कारखान्याच्या वहीत राहिली. कारखाना मिटला की वहीही मिटली. कामगार कपातीची भरपाई कायदा मोजतो ती सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी वेतनाने. हाताला किती कला आहे, हा रकाना त्या हिशेबात नाही.

बाजार कौशल्याची किंमत आपोआप देतो, असे म्हटले जाते. परंतु नव्या फाटकावर जुन्या कौशल्याची खातरजमा होत नसेल, तर चाळिशीतला फिटरही ठेकेदाराकडे नवशिक्याच्या दराने उभा राहतो. शिवाय कोठेही उपयोगी पडणारे कौशल्य शिकविण्यास मालक स्वखर्चाने तयार होत नाही, हे गॅरी बेकर यांनी 1964 मध्येच मांडले. शिकलेला माणूस उद्या शेजाऱ्याकडे जाईल, ही त्याची भीती असते.

जर्मनीतील धातुकामगारांची संघटना 'इगे मेटाल' प्रदेशवार करार करते. श्रेणी व तिचे वेतन एका कारखान्याच्या मर्जीवर सोडलेले नसते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, जेथे कारखाने एकमेकांना लागून उभे आहेत, असा प्रयत्न का होऊ नये? संघटना, कारखानदार आणि आयटीआय यांनी मिळून श्रेणीची परीक्षा घ्यावी, प्रत्येक श्रेणीचा किमान दर ठरवावा आणि तो ठेकेदाराच्या कामगारालाही लागू करावा. खर्च वाढेल, अशी ओरड होईल. पण कुशल माणसे मिळत नाहीत, ही तक्रारही कारखानदारच करतात. मग ती घडविण्याचा भारही सर्वांनी वाटून घ्यावयास हवा.

वेतनवाढीची मागणी न्याय्यच आहे. पण जी श्रेणी कारखान्याबरोबर बुडते, ती कामगाराची नव्हे, मालकाची. ती कामगाराच्या खिशात घालणे, हे संघटनांचे पुढचे कार्य आहे.