आधी आई दाखवा!

आपल्या देशात परवाना कशाकशाला लागतो, याची यादी करायला एकदा निवांत बसावे. वेळ फार छान जातो. एके काळी घरात रेडिओ ठेवायला परवाना लागत असे आणि त्याची फी पोस्टात जाऊन भरावी लागे. सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागे. आज वडापावची गाडी टाकायची तर नोंदणी लागते, मांडवात लाऊडस्पीकर लावायचा तर पोलिसांची परवानगी लागते, आणि पुण्या-मुंबईत घरी कुत्रा पाळायचा तर महापालिकेचा परवाना लागतो. म्हणजे कुत्रा पाळणारा कागदावर, त्याला सुई टोचणारा डॉक्टर कागदावर. पण तो कुत्रा मुळात आला कुठून असे विचारा, की आपण एकदम अध्यात्मात शिरतो. "आला हो कुठूनतरी. त्याची लीला!"

माझे म्हणणे साधे आहे. ज्याने कुत्र्याची पैदास करून तो विकला, त्याचा परवाना आधी बघा. पाळणाऱ्याचा मग बघू.

आता कोणी म्हणेल, हे नवीनच खूळ. अहो, खूळ नाही, कायदा आहे! २०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे खास नियम केले. धंदा करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. कुत्री दीड वर्षाची झाल्याशिवाय तिच्यापासून पिल्ले घ्यायची नाहीत. वर्षाला एकच वेत, आणि जन्मभरात पाचापेक्षा जास्त वेते नाहीत. पिल्लू आठ आठवड्यांचे झाल्याशिवाय विकायचे नाही. हे सगळे छापील आहे, राजपत्रात आहे. राजपत्र वाचायची आपल्याकडे पद्धत नाही, एवढीच काय ती अडचण.

आमच्या शेजाऱ्यांनी गेल्या वर्षी लॅब्रॅडोरचे पिल्लू आणले. "पार्टी खात्रीची आहे," असे ते मला जिन्यात म्हणाले. या पार्टीला त्यांनी कधी पाहिले नव्हते. मोबाइलवर फोटो आला, १८,००० रुपये भाव ठरला, आणि हायवेवरच्या एका पेट्रोल पंपापाशी मोटरसायकलवरून आलेल्या गृहस्थाने पुठ्ठ्याच्या खोक्यातून माल हवाली केला. खोक्यावर बिस्किटांचे नाव होते. "पंचेचाळीस दिवसांचं आहे बघा," असे तो अभिमानाने म्हणाला.

आता इथे जरा हिशेब करा. आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस. पंचेचाळीस दिवसांचे पिल्लू विकतो आहे असे सांगणारा माणूस आपल्या तोंडाने गुन्हा कबूल करत होता, आणि शेजारी त्याला वर पेढे देत होते! या धंद्यात 'पंचेचाळीस दिवस' हे शुभमुहूर्तासारखे रूढ झाले आहे. आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तर पिल्लाचे दात पाहून "फार तर तीस," असे सांगितले. म्हणजे तो बेकायदा वयसुद्धा वाढवूनच सांगत होता.

पाचव्या दिवशी पिल्लाला उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताची हगवण. पार्व्हो नावाचा रोग. लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, तेव्हा रोग बहुधा बिस्किटांच्या खोक्यातूनच आला होता. सातव्या दिवशी पिल्लू गेले. शेजाऱ्यांच्या आठ वर्षांच्या मुलीने त्याची पाण्याची वाटी पुढे पंधरा दिवस कोणाला उचलू दिली नाही. पार्टीला फोन केला तेव्हा पार्टी म्हणाली, "तुम्ही म्हशीचं दूध पाजलं असेल. जाऊ द्या, दुसरं घेऊन जा, दोन हजार कमी करतो." हा विषाणू घरात कित्येक महिने टिकतो, तेव्हा ते दुसरे पिल्लूही कदाचित त्याच वाटेने गेले असते. पण घाऊक व्यापारात असा बारीकसारीक विचार करून चालत नाही.

शेजाऱ्यांबरोबर मीही त्या पार्टीच्या घरी गेलो. मागे पत्र्याची शेड होती. तिच्यात पिंजरे, आणि एका पिंजऱ्यात त्या पिल्लाची आई. आचळे जमिनीला टेकलेली, अंगावरचे केस गेलेले, आणि उठून उभी राहावी एवढी उंची त्या पिंजऱ्याला नव्हती. आम्हाला बघून ती भुंकली नाही. शेपटी मात्र हलवली. मी विनोदी लिहिणारा माणूस, बारशापासून बाराव्यापर्यंत कुठेही मला काहीतरी सुचते. त्या शेडमध्ये काही सुचले नाही.

बाहेर आल्यावर शेजारी म्हणाले, "याला कोर्टात खेचतो." मी त्यांना दंडाची रक्कम सांगितली. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा. राज्यसभेत या विषयाला तोंड फोडले ते रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी, आणि पुढे प्राणी कल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच झाल्या. बाई मोठ्या, हेतू मोठा. पण कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये. नियम मोडला तर १०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. १९६० साली ५० रुपयांत चारेक ग्रॅम सोने येत असे, तेव्हा माणूस जरा घाबरत तरी असेल. आज त्या पार्टीला मोटरसायकलमध्ये पेट्रोल घालायला याहून जास्त पैसे लागतात. १८,००० रुपयांचे पिल्लू विकून ५० रुपये दंड भरणे याला शिक्षा म्हणत नाहीत, दलाली म्हणतात. २०२२ साली दंड वाढवण्याचा दुरुस्तीचा मसुदा जाहीर झाला होता. आपल्याकडे मसुद्यांना आयुष्य फार मोठे लाभते.

मांजरांचे तर विचारूच नका. २०१७ चे पैदाशीचे नियम फक्त कुत्र्यांचे. मांजर दुकानात विकायला ठेवले तर त्याला २०१८ चे दुकानांचे नियम लागू. पण फ्लॅटमध्ये पर्शियन मांजरांचा कारखाना काढणाऱ्याला कुत्र्यांसारखे वेगळे नियमच नाहीत. वाघासाठी १९७२ पासून कायदा आहे. मावशी मात्र वाऱ्यावर.

हा विषय निघाला की आमचे मेहुणे हमखास पुढे सरसावतात. "परवाना आला की इन्स्पेक्टर आला, इन्स्पेक्टर आला की पाकीट आलं. मरतो तो प्रामाणिक माणूस!" मुद्दा खोटा नाही. पण मग हॉटेलांचे परवाने का ठेवले आहेत? इन्स्पेक्टर पाकीट घेतो म्हणून आपण स्वयंपाकघरात झुरळे मोकळी सोडा असे म्हणत नाही. शिवाय आज प्रामाणिक ब्रीडर जगतो आहे कुठे? जो कुत्रीला वर्षभर विश्रांती देतो, लसी टोचतो, छप्पन्न दिवस पिल्ले सांभाळतो, त्याचे पिल्लू महाग पडते. पत्र्याच्या शेडवाला त्याच्याशी भावात स्पर्धा करतो आणि जिंकतो. परवान्याची गरज खरी असेल तर ती त्या प्रामाणिक माणसालाच आहे.

मेहुण्यांचा दुसरा हुकमी पत्ता, "माणसांचंच कुठं धड चाललंय, कुत्र्यांचं काय घेऊन बसलात?" पण फसवला गेला तो माणूसच ना? रडली ती मुलगी माणसाचीच ना? आणि हौस फिटल्यावर जो हस्की रात्री गाडीतून नेऊन लांबच्या रस्त्यावर सोडतात, तो पुढे कोणाच्या गल्लीत फिरतो? बर्फात गाडी ओढणारा हा प्राणी नागपूरच्या मे महिन्यात आणणाऱ्याला कोणी अडवत नाही. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग मुलाच्या मागे धावला आणि पुढे अर्धा देश पगच्या मागे धावला. त्या बिचाऱ्याचे नाक इतके आत गेलेले, की धावणे सोडा, उन्हाळ्यात श्वास घ्यायची पंचाईत. मागणी वाढली की पिंजरे वाढतात, आणि मागणी आपणच करत असतो.

खरे म्हणजे चौकशीत कमी पडणारी आपली जात नव्हे. मुलीला स्थळ सांगून आले तर मुलाच्या आजोळपर्यंत माणूस पाठवतो. आंब्याची पेटी घेताना वरचा थर उचलून खालचा बघतो आणि "देवगडचाच ना?" असे तीनदा विचारतो. पण पिल्लू घेताना दोनच प्रश्न: "शेवटचा भाव काय?" आणि "पेपर आहेत का?" पेपर म्हणजे वंशावळ. पणजोबा चॅम्पियन होते हे तिच्यावरून कळते. आई पिंजऱ्यात कशी बसते, हे कळत नाही.

इंग्लंडात लूसी नावाच्या एका कुत्रीला २०१३ साली वेल्समधल्या अशाच एका पैदास केंद्रातून सोडवले. पुढे तिच्या नावाने कायदाच झाला. ६ एप्रिल २०२० पासून तिथे सहा महिन्यांच्या आतले कुत्र्याचे किंवा मांजराचे पिल्लू धंद्यासाठी मधल्या दलालाला विकता येत नाही. पिल्लू हवे तर पैदास करणाऱ्याकडेच जायचे आणि आईजवळ असलेले पिल्लू बघायचे, नाहीतर निवारा केंद्रातून आणायचे. इंग्रजांच्या कित्येक गोष्टी आपण ते गेल्यावरही जपून ठेवल्या. ही त्यांनी उशिरा केली म्हणून राहिली असावी.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. विक्रीच्या प्रत्येक जाहिरातीत ब्रीडरचा नोंदणी क्रमांक असावा. क्रमांक नाही, तर जाहिरात नाही. महापालिकेच्या कुत्र्याच्या परवान्याच्या अर्जात एक रकाना वाढवावा: पिल्लू कोणाकडून घेतले? रस्त्यावरून उचलून आणले असेल तर तसे लिहावे, आणि त्याला फी माफ करावी. मांजरांच्या पैदाशीलाही नियम करावेत. दंड निदान पिल्लाच्या किमतीहून जास्त असावा. आणि पाचवी मागणी सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. पेट्रोल पंपावर जाऊ नका. घरी जा, परवाना मागा आणि म्हणा, "आधी आई दाखवा!"

पार्टी काचकूच करील. म्हणेल, "आई गावाला गेली आहे."

आपण चपला न काढता शांतपणे सांगावे, "असं का? मग आली की कळवा. आम्हाला घाई नाही."