टन कळला, ऊर्जा कळली नाही

२०२४-२५ या आर्थिक वर्षात देशाच्या कोळसा उत्पादनाने १०० कोटी टनांचा टप्पा ओलांडला. आकडा खरा आहे. मात्र त्यातून देशाला किती ऊर्जा मिळाली, हे केवळ त्या आकड्यावरून सांगता येत नाही. भारतात कोळशाच्या जी-१ ते जी-१७ अशा श्रेणी आहेत. जी-१ श्रेणीच्या एका किलोतून ७,००० किलोकॅलरींहून अधिक उष्णता मिळते, तर जी-१७ श्रेणीच्या किलोतून २,५०० पर्यंतच. वजनाच्या तक्त्यात मात्र दोन्हींचा टन सारखाच मोजला जातो.

इतर इंधनांची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. खनिज तेलाचे उत्पादन टनांत, तर भाव प्रतिबॅरल. नैसर्गिक वायूचे उत्पादन घनमीटरमध्ये, तर भाव ब्रिटिश थर्मल युनिटमध्ये. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारलेल्या देशात ही स्थिती आहे.

एकक समान असले, तरी प्रश्न सुटतोच असे नाही. वायूचा घनमीटर १५ अंश सेल्सिअसला मोजला की शून्य अंशाला, यानुसार त्याच घनमीटरमधील वायूच्या प्रमाणात सुमारे साडेपाच टक्के फरक पडतो. उष्मांकाचेही तसेच. ज्वलनात तयार होणाऱ्या वाफेची सुप्त उष्णता धरली, तर मिळते ते स्थूल उष्मांक मूल्य. वगळली, तर निव्वळ. कोळशात हा फरक साधारण ५ टक्के, वायूत १० टक्के. भारतात कोळशाची श्रेणी स्थूल मूल्यावर ठरते, तर आयपीसीसीचे प्रमाणित उत्सर्जन गुणक निव्वळ मूल्यावर आधारलेले आहेत. एखाद्या विद्यार्थ्याने हा भेद न पाहता गुणाकार केला, तर चिमणीतून अधिक काहीही बाहेर न पडता कागदावरचे उत्सर्जन वाढते. हवामानविषयक उद्दिष्टे टक्क्यांत मोजणाऱ्या देशाला ही चूक क्षुल्लक मानता येणार नाही.

व्यापाराला बॅरल सोयीचे आहे, खाणीला टन. ती एकके मोडीत काढावीत, असा आग्रह कोणी धरणार नाही. मागणी इतकीच असावी की, प्रत्येक शासकीय तक्त्यात मूळ एककाशेजारी ज्यूलमधील मूल्य यावे आणि त्यासोबत चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात : उष्मांक स्थूल की निव्वळ, कोळशातील ओलावा कोणत्या स्थितीत मोजला, वायूचे संदर्भ तापमान व दाब कोणता, आणि वर्ष आर्थिक की कॅलेंडर. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या वार्षिक ऊर्जा सांख्यिकीत पेटाज्यूलमधील तक्ते आजही असतात. म्हणजे हे काम अशक्य नाही. तीच शिस्त कोळसा, तेल आणि वीज या तिन्ही खात्यांच्या मासिक आकड्यांना लागू व्हायला हवी.

प्रयोगशाळेच्या वहीत एकक न लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापले जातात. राष्ट्राच्या ऊर्जेचा हिशेब मांडणाऱ्यांना याहून सौम्य नियम लावण्याचे कारण नाही.