आधी काय संपते, ते पाहा

नवेगाव बांधचा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. या भागात जमीन होती, राबणारे हात होते. धानाला कमी पडत होते ते पाणी. कोहळी समाजाने नेमकी तीच उणीव ओळखली आणि तलाव उभे केले. आज त्याच भागात धान पिवळा पडला की उपाय ठरलेला असतो: युरियाची आणखी एक गोणी.

अकरावीच्या रसायनशास्त्रातला एक हिशेब इथे कामाला येतो. ३४ ग्रॅम अमोनिया आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड यांची अभिक्रिया पूर्ण झाली, तर ६० ग्रॅम युरिया आणि १८ ग्रॅम पाणी मिळते. आता अमोनिया तेवढाच ठेवून कार्बन डायऑक्साइड २२ ग्रॅम घ्या. युरिया ३० ग्रॅमच होईल आणि १७ ग्रॅम अमोनिया उरेल. अमोनिया दुप्पट केला तरी युरिया ३० ग्रॅमच. उरेल तेवढा ५१ ग्रॅम अमोनिया. किती माल तयार होणार, हे आधी संपणारा घटक ठरवतो. तो वजनाने कमी असतोच असेही नाही: ३४ ग्रॅम अमोनियापुढे ४० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड ठेवला, तरी आधी कार्बन डायऑक्साइडच संपतो.

पिकाचा हिशेब इतका काटेकोर नसतो; ऊन, पाऊस, वाण यांचाही त्यात वाटा असतो. पण तत्त्व लागू पडते. धानावरचा ‘खैरा’ रोग जस्ताच्या कमतरतेने होतो, हे डॉ. यशवंत नेने यांनी १९६६ साली पंतनगरला दाखवून दिले. जिथे जस्त कमी, तिथे नत्र ओतून तो बरा होत नाही. पिकाने न उचललेले नत्र काही अंशी हवेत उडते, काही पाण्याबरोबर ओढ्यात आणि बोडीत उतरते. खिशातले पैसेही त्याच वाटेने जातात.

२०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत जस्तासह १२ बाबींची नोंद असते. रोवणीआधी ती गावात वाचली जावी. कनिष्ठ महाविद्यालयांनी हा धडा गावच्याच पत्रिकेवर शिकवावा. मुलांनी घरच्या बांधीत नेमके काय कमी आहे ते शोधावे. कोहळ्यांनी पाण्याची मर्यादा दूर केली. तिच्या पुढची मर्यादा शोधणे हे आपल्या पिढीचे काम आहे.