धर्मशिक्षणाच्या तासाला सही कोणाची?

कॅथलिक शाळांनी अन्य धर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, सर्व धर्मांचा आदर राखावा आणि दररोजच्या परिपाठात राज्यघटनेच्या उद्देशिकेचे वाचन करावे, असे मार्गदर्शन भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने एप्रिल २०२४ मध्ये देशभरातील आपल्या शाळांना केले. त्याआधी दोनच महिने आसाममध्ये ख्रिस्ती शाळांच्या आवारातील मूर्ती आणि धर्मगुरू-धर्मभगिनींचे पोशाख हटवावेत, अशी मागणी करणारी पत्रके भिंतींवर लागली होती. परिषदेच्या मार्गदर्शनाला ही पार्श्वभूमी होती. त्याची चर्चा महानगरांत झाली. कसोटी मात्र लहान गावांत लागणार आहे.

हिंगोली जिल्ह्यातील वारंगा फाटा हे अशा कसोटीचे ठिकाण मानता येईल. अकोल्याहून हिंगोली, कळमनुरीमार्गे येणारा आणि यवतमाळ, उमरखेडमार्गे येणारा असे दोन राष्ट्रीय महामार्ग येथे मिळतात आणि नांदेडकडे जातात. जिल्ह्यात औंढा नागनाथाचे ज्योतिर्लिंग आहे, संत नामदेवांचे नरसी आहे. लोकसंख्येत हिंदूंखालोखाल बौद्ध आणि मुस्लिम आहेत. ख्रिस्ती समाज नगण्य आहे. २०११च्या जनगणनेनुसार संपूर्ण महाराष्ट्रातच ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहून कमी, म्हणजे सुमारे १० लाख ८० हजार होती आणि तिचा मोठा भाग मुंबई-ठाणे-वसई पट्ट्यात एकवटलेला आहे. त्यामुळे अशा भागात मिशनची प्राथमिक शाळा चालते तेव्हा तिच्या वर्गात बसणारी बहुसंख्य मुले ख्रिस्ती नसणे हे स्वाभाविकच ठरते. देशपातळीवरचे चित्रही याहून वेगळे नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ मधील अहवालानुसार ख्रिस्ती अल्पसंख्याक शाळांतील सुमारे ७४ टक्के विद्यार्थी अन्य समाजांचे होते.

मग अशा शाळेत धर्मशिक्षणाचा तास कोणासाठी असतो, आणि त्या तासाला बसण्याचा निर्णय कोण घेते?

दोन तास, दोन हेतू

कॅथलिक परंपरेत धर्मशिक्षण आणि प्राथमिक शाळा यांचा संबंध वयाशी जोडलेला आहे. पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये काढलेल्या आदेशाने मुलांच्या प्रथम कम्युनियनचे वय सातव्या वर्षाच्या आसपास आणले. त्यापूर्वी मुलाला प्रार्थना, आज्ञा आणि संस्कारांचा अर्थ समजला पाहिजे, अशी अपेक्षा असते. म्हणजे पहिली ते तिसरी हीच या शिक्षणाची वर्षे. वसईत, जेथे चर्च हाकेच्या अंतरावर आहे, हे काम रविवारी चर्चच्या आवारात मराठीतून होते. मराठवाड्यासाठी १९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मात्र कुटुंबे विखुरलेली आणि अंतरे मोठी आहेत. तेथे शाळा हीच सोयीची जागा ठरते.

दुसरा तास नैतिक मूल्यांचा. अन्य धर्मीय मुलांसाठी तो असतो आणि त्यात प्रामाणिकपणा, सेवा, क्षमा अशा विषयांवर गोष्टी व चर्चा असतात. श्रद्धेची दीक्षा देणारे धर्मशिक्षण आणि शाळेतील धर्मविषयक अभ्यास या वेगळ्या गोष्टी आहेत, हे व्हॅटिकनच्या शिक्षण विभागानेही मे २००९ च्या परिपत्रकात स्पष्ट केले. कागदावर विभागणी नेटकी आहे. गुंता होतो तो या दोन तासांच्या बाहेर. सकाळची प्रार्थना, शाळेच्या संरक्षक संताचा सण, नाताळचा कार्यक्रम या गोष्टी वेळापत्रकात धर्मशिक्षण म्हणून नोंदलेल्या नसतात, पण सहा वर्षांचे मूल त्यातूनच सर्वाधिक शिकते.

मान्यता पुरेशी आहे

घटनेच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा अधिकार दिला आहे. अनुच्छेद २८ ने त्याला एक अट जोडली. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारची मान्यता असलेल्या किंवा अनुदान घेणाऱ्या संस्थेत ते देता येते. परंतु विद्यार्थ्याच्या, तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीशिवाय त्याला त्या शिक्षणाला किंवा उपासनेला बसविता येत नाही.

येथे एक समज दूर करणे आवश्यक आहे. अनुदान घेतले नाही म्हणजे ही अट लागू नाही, असे अनेक संस्थाचालक आणि पालकही मानतात. घटनेच्या शब्दांत मात्र मान्यता पुरेशी आहे. महाराष्ट्रात २०१२च्या कायद्यानंतर उभ्या राहिलेल्या स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळाही त्यात येतात.

हा तोल विचारपूर्वक साधलेला होता. संविधान सभेत ७ डिसेंबर १९४८ रोजी या तरतुदीवर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सरकारी शाळेत धार्मिक शिक्षण का नको, याची कारणे दिली होती. सर्वांच्या करातून एका धर्माचे शिक्षण देणे अन्यायाचे ठरेल, इतक्या धर्मांची सोय लावणे शक्य नाही आणि परस्परविरोधी दाव्यांचा वाद शाळेत शिरेल, असा त्यांचा रोख होता. समाजांनी स्वतः चालविलेल्या शाळांना मात्र सभेने वाट मोकळी ठेवली, ती संमतीच्या अटीवर.

धर्माविषयी शिकविणे म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, हेही न्यायालयांनी सांगितले आहे. गुरू नानकांच्या जीवनाचा व शिकवणुकीचा अभ्यास हे धार्मिक शिक्षण ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये पंजाबातील डीएव्ही महाविद्यालयाच्या प्रकरणात म्हटले. २००२ मध्ये अरुणा रॉय प्रकरणात धर्मांच्या अभ्यासाला घटनेची आडकाठी नसल्याचा निर्वाळा मिळाला. नाशिकच्या एका शिक्षकाच्या याचिकेवर २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय दिला. केंद्रीय विद्यालयांतील संस्कृत प्रार्थनेचा वाद २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या खंडपीठाकडे सोपविण्यात आला. सक्तीचा प्रश्न एकट्या मिशनच्या शाळांना विचारण्याचा नाही, हे त्यावरून ध्यानात यावे.

श्रीपतचे प्रकरण

मराठी समाजाला हा वाद नवा नाही. १८४३ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेतील नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा अज्ञान भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि मुलाचा ताबा मिळविला. पण घरी आलेल्या श्रीपतला जातीत घेण्यास सनातनी मंडळींनी विरोध केला आणि त्याच्या शुद्धीसाठी बाळशास्त्री जांभेकरांना समाजाचा रोष पत्करावा लागला. नारायण शेषाद्रींनी पुढे मराठवाड्यातच, जालना परिसरात, मिशनकार्य केले व बेथेल ही वसाहत उभारली.

त्या शाळा प्रॉटेस्टंट पंथाच्या होत्या. त्यांतून धर्मांतरे झाली, तशी जोतीराव फुल्यांसारखी विद्यार्थीही घडली, जे ख्रिस्ती न होता समाजसुधारक झाले. भीती आणि आकर्षण यांचे हे मिश्रण आजही पालकांच्या मनात आहे. मुलाच्या बाबतीत निर्णय पालकाचा, हे तत्त्व १८४३ च्या निकालात होते आणि १९५० च्या घटनेतही आहे. पावणेदोनशेहून अधिक वर्षांत ज्याची सवय लागली नाही, ते म्हणजे पालकाला आधी विचारणे.

फाट्यावरचे दोन पालक

शहरातील पालकाला शाळा आवडली नाही तर दुसरी मिळते. महामार्गावरच्या छोट्या गावात इंग्रजी माध्यमाच्या एखाद-दुसऱ्या शाळेवरच भिस्त असते. तेथे प्रवेश घेताना पालक फी, गाडी आणि गणवेश विचारतो; प्रार्थनेविषयी विचारत नाही. त्याचे मौन म्हणजे संमती, असे शाळा धरून चालते. ज्याच्यापुढे पर्याय नाही त्याच्या मौनाला संमती म्हणणे घटनेच्या हेतूला धरून नाही. आणि एखाद्या नाताळात बाहेरच्या संघटनेने दाराशी येऊन घोषणा दिल्या, की शाळेकडेही दाखविण्यासाठी कागद नसतो.

दुसरा पालक ख्रिस्ती. त्याची अडचण अधिक अवघड आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा हिंदू, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध यांच्यापुरता आहे. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात इतर मागासवर्गात स्थान आहे. केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये या प्रश्नावर न्या. के. जी. बालकृष्णन आयोग नेमला. अशा कुटुंबाच्या दृष्टीने धर्म लिहिलेला प्रत्येक कागद पुढच्या दाखल्याशी जोडला जातो, कारण शाळेच्या जनरल रजिस्टरमधील धर्म-जातीच्या नोंदीवरच जात प्रमाणपत्राची वाट ठरते. ‘माझ्या मुलाला कॅथलिक धर्मशिक्षण द्या’ या ओळीखाली सही करणे त्याच्यासाठी केवळ श्रद्धेचा विषय राहत नाही. ज्याच्यासाठी हा तास आहे, त्यालाच तो उघडपणे मागणे जड जाते.

या दोघांच्या मधून वाट काढणे अशक्य नाही. प्रवेशाच्या वेळी मराठीत छापलेला एक वेगळा अर्ज द्यावा. धर्मशिक्षणाचा तास कोणता, प्रार्थना कोणती, सण कोणते हे त्यात लिहावे, ‘नको’ म्हणण्याची जागा ठेवावी आणि तो जनरल रजिस्टरपासून अलग ठेवावा. ‘नको’ म्हटलेल्या मुलाला त्या वेळेत व्हरांड्यात उभे न करता दुसरा शिक्षक व दुसरे काम द्यावे. केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीत हजेरीपटाबरोबर हे अर्जही पाहावेत. शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नसल्याचा २०१४चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेरविचारासाठी पाठविला आहे. पण संमतीची अट त्यावर अवलंबून नाही. ती घटनेतच आहे.

बिशप परिषदेने शाळांना काय करू नये ते सांगितले. पालकाला काय विचारावे, हे सांगणारे परिपत्रक राज्याच्या शिक्षण विभागाने काढायला हवे, आणि ते सर्व धर्मांच्या, सर्व माध्यमांच्या मान्यताप्राप्त शाळांना सारखेच लागू असले पाहिजे.